आंबा अर्ध्यावर आणू नका, आधी त्याचं बेचकं बघा

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"घराच्या मागे ४५ वर्षांचा आंबा आहे, सासऱ्यांनी लावलेला. गेल्या वादळात त्याची एक वाळकी फांदी छपरावर पडली. कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून वारा सुटला की घरात कोणाला झोप नाही. झाडं तोडणारा एक माणूस बघून गेला. तो म्हणतो, सगळ्या फांद्या अर्ध्यावर आणू, १५ फुटांवर झाड सरळ करू, कापलेल्या जागी रंग लावू, दोन वर्षांत नव्यानं फुटेल. मिस्टरांचं म्हणणं, एवढं करण्यापेक्षा झाड काढूनच टाकू. दोन फांद्या शेजाऱ्यांच्या आवारात जातात, त्यांना पाल्याचा त्रास होतो. झाड पहिल्यापासून घराकडे थोडं झुकलेलं आहे आणि जमिनीपासून सहा फुटांवर त्याचे दोन जाड भाग होतात. पुढच्या महिन्यात झाडाभोवतीचं अंगण मुलांना खेळायला म्हणून काँक्रीटचं करायचं ठरलं आहे. आम्ही काय करावं?"

ताई, त्या माणसाला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका. आणि काँक्रीटचं काम तूर्त थांबवा. तुमच्या आंब्याला सगळ्यात मोठा धोका त्या काँक्रीटच्या वाक्यात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी फांद्यांचं बघू, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे.

सगळं झाड एका उंचीवर कापून टाकलं की पहिलं वर्षभर सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. उजेड येतो, पाला कमी होतो, छपरावर काही लोंबत नाही. झाडाच्या आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. पानं गेली म्हणजे अन्न तयार करणारी जागाच गेली. मग झाड खोडात आणि मुळांत साठवलेलं पिठूळ अन्न बाहेर काढतं आणि सालीखाली झोपलेले डोळे फोडतं. प्रत्येक कापाभोवती धुमाऱ्यांचा झुपका येतो. ते भराभर वाढतात, दाट होतात, आणि चार-सहा वर्षांत झाड जवळजवळ पूर्वीच्या उंचीवर जातं. "नव्यानं फुटेल" हे त्या माणसाचं म्हणणं खरंच आहे.

पण ते फुटवे धरलेले कशाला असतात ते बघा. लहानपणापासून खोडाबरोबर वाढलेली फांदी खोडाच्या लाकडात खोलवर विणलेली असते, दर वर्षीचा लाकडाचा थर तिच्याभोवती चढलेला असतो. कापाच्या कडेला आलेला फुटवा फक्त सगळ्यात बाहेरच्या थराला चिकटलेला असतो. त्याच्या खाली फांदीचं कापलेलं तोंड उघडं पडलेलं असतं, तिथे पाणी मुरतं, बुरशी शिरते, लाकूड कुजतं. म्हणजे पाच-सहा वर्षांनी तुमच्या छपरावर मांडीएवढे फुटवे कुजक्या लाकडाच्या आधाराने उभे असतील. आज एका वाळक्या फांदीची भीती आहे, तेव्हा अशा कितीतरी असतील. शिवाय इतकी वर्षं सावलीत असलेल्या सालीवर एकदम ऊन पडलं की ती भाजते, तडकते आणि तिथून भिरूड आत शिरतो. खोड पोखरणारी ही अळी जुन्या आंब्याची मोठी शत्रू आहे.

कोणी तुम्हाला सांगेल की जुन्या आमराया अशाच कापून पुन्हा फळावर आणतात. ते खरं आहे. पण तिथे झाड बुटकं ठेवून फळ काढणं हाच उद्देश असतो. आलेले फुटवे पुढची दोन-तीन वर्षं विरळले जातात, मोजके जोमदार ठेवले जातात, किडीवर सतत लक्ष असतं, आणि एखादी फांदी मोडून पडलीच तर ती मोकळ्या रानात पडते. घरावर झुकलेल्या झाडाला तो हिशोब लावू नये.

आता कापायचं कुठे, हे समजून घ्या. यात थोडा वेळ घालवा, कारण हे एकदा डोळ्यांना दिसलं की समोरचा माणूस जाणकार आहे की नाही हे तुम्हाला अंगणात उभं राहून ओळखता येईल.

अमेरिकेच्या वनखात्यात काम करणारे अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून जखमेनंतर आत काय होतं ते पाहिलं. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलेलं म्हणणं आज जगभरच्या छाटणीचा पाया आहे. आपल्या कातडीची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. जे लाकूड खराब झालं ते कायमचं खराबच राहतं. झाड त्या भागाभोवती आतून एकेक तटबंदी उभी करतं आणि कूज पुढे सरकू देत नाही. मग बाहेरून नवीन लाकडाचा थर जखमेवर हळूहळू चढतो. यातली सगळ्यात भक्कम तटबंदी जखमेनंतर तयार झालेल्या नव्या थराची असते. आपण कापताना झाडाच्या या कामात आड यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे खालच्या बाजूला एक फुगवटा दिसेल, आणि वरच्या बाजूला, बेचक्यात, खरखरीत सालीची उंचावलेली वळी. तो फुगवटा खोडाचा असतो, फांदीचा नव्हे. कूज अडवणारी तयारी तिथेच असते. म्हणून काप फुगवट्याच्या अगदी बाहेरून, वळीला धक्का न लावता घ्यायचा. फुगवट्यासकट खोडाशी सपाट कापलं तर जखम मोठी होते आणि तटबंदीच कापली जाते. उलट हातभर खुंट ठेवला तर त्यावर साल चढू शकत नाही, तो वाळतो आणि कूज त्यातून आत शिरते. काप बरोबर पडला असेल तर पुढच्या हंगामापासून त्याच्या कडेने सगळीकडून सारखी, गोल वळी चढताना दिसते. ती नुसत्या दोन बाजूंनी चढली तर समजावं की फुगवटा दुखावला गेला.

जाड फांदी कधीही एका दमात वरून कापायची नाही. वजनाने ती अर्धी कापल्यावर मोडते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत काप. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी स्वच्छ सुटते. उरलेला खुंट हलका असतो, तो फुगवट्याबाहेरून शेवटच्या कापाने काढायचा. छपरावरच्या फांद्यांना त्याआधी दोर बांधून त्या तुकड्यातुकड्याने खाली उतरवाव्या लागतील.

रंगाचं म्हणाल तर नको. रंग, डांबर किंवा शेण लावल्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते. काही प्रदेशांत झाडांचे विशिष्ट रोग कीटकांमार्फत ताज्या कापातून पसरतात, तिथे अपवाद म्हणून लेप लावतात. एरवी काप उघडाच राहू द्यावा.

तुमच्या झाडावर प्रत्यक्ष काय काढायचं? सगळ्यात आधी वाळकं. तुमच्या छपरावर पडली तीही वाळकी फांदीच होती, आणि घराजवळच्या मोठ्या झाडाखालचा रोजचा धोका बहुतेक वेळा वाळक्याचाच असतो. वाळकी फांदी वर्षात कधीही काढता येते. तिच्या मुळाशी चढलेली जिवंत सालीची कड मात्र कापू नका. मग मोडून लटकलेलं, एकमेकांवर घासणारं, आणि बांडगूळ. बांडगूळ नुसतं ओरबाडून चालत नाही, त्याची मुळी फांदीच्या लाकडात घुसलेली असते. फांदी बारीक असेल तर बांडगुळाच्या मागे, जिवंत बाजूला हातभर सरकून कापावी.

एवढं झालं की थांबा, मागे जाऊन झाड पाहा. जुन्या झाडाला बऱ्याचदा एवढंच पुरतं. छपरावर येणाऱ्या फांद्या तरीही लांब वाटल्या तर त्या मागे घ्यायच्या. फांदी तिच्याच एखाद्या बाजूच्या उपफांदीपाशी कापायची, आणि ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी जाड असली पाहिजे. तेवढी असेल तर ती पुढचं टोक म्हणून काम सांभाळते. काडीएवढ्या डहाळीपाशी कापलं तर पुन्हा धुमारेच येतील. मनगटापेक्षा जाड जिवंत फांदी कापण्याआधी दोनदा विचार करा, कारण तेवढ्या जाड जखमेत आतला गाभा उघडा पडतो आणि गाभ्याला स्वतःचं रक्षण फारसं करता येत नाही.

आणखी एक प्रकार तुम्हाला "साफसफाई" म्हणून सुचवला जाईल: फांदीच्या आतल्या सगळ्या डहाळ्या काढून फक्त टोकाला झुपका ठेवायचा. झाड हवेशीर दिसतं, पण सगळं वजन टोकाला जातं आणि वाऱ्यात फांदीला मधेच हिसका बसतो. आतल्या बारीक डहाळ्या वाऱ्याचा जोर वाटून घेतात आणि फांदीला जाडी देतात. त्या राहू द्या.

किती कापायचं? तरुण, जोमदार झाडावरूनही एका वर्षात हिरव्या घेराचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नये. ४५ वर्षांच्या आंब्यासाठी मी दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहायला सांगेन. काम जास्त असेल तर दोन-तीन वर्षांत वाटून करा. हिरव्या फांद्यांची वेळ फळं उतरल्यानंतर, नवी पालवी यायच्या आधीची. कोवळी पालवी नुकतीच आलेली असताना झाडाने साठा खर्च केलेला असतो, तेव्हा त्याला आणखी तोडू नये. पावसाची झड लागलेली असतानाही नको. आणि चढण्याआधी घरटी आहेत का ते खालून नीट बघून घ्या. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत वाट बघता येते.

आता बेचक्याकडे वळू. तुम्ही ते पत्रात सहज लिहून गेलात, पण झाड ठेवायचं की नाही हे त्यावर ठरणार आहे.

सहा फुटांवर जे दोन भाग होतात, त्यांच्यामधला सांधा कसा आहे ते बघा. तो उघडा, गोलसर असेल आणि मधे सालीची वळी वर आलेली दिसत असेल तर सांधा बहुधा चांगला आहे. दोन्ही भाग अगदी चिकटून वर जात असतील, साल दोघांच्या मधे आत दुमडलेली असेल, सांध्याच्या दोन्ही अंगांना खोड कानासारखं फुगलेलं असेल, तर आत लाकडाला लाकूड जुळलेलंच नाही. असे सांधे वादळात मधोमध उकलतात आणि अर्धं झाड एकदम येतं. सांध्याखाली उभी चीर आहे का, तिथून पाणी किंवा काळपट स्राव ओघळतो का, जोराच्या वाऱ्यात चीर उघडमीट करते का, हे बघा. शेवटची गोष्ट लांबूनच पाहायची.

दुमडलेली साल आहे पण चीर नाही, अशा झाडाला वाचवायला वाव असतो. दोन भागांपैकी घराकडच्या भागाचं वजन थोडं मागे घ्यायचं, आणि बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या अंतरात साधारण दोन-तृतीयांश उंचीवर दोन्ही भाग पोलादी दोराने किंवा त्यासाठीच्या खास पट्ट्याने एकमेकांना जोडायचे. हे वृक्षतज्ज्ञाचं काम आहे, आणि तो आधार दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. खोडाभोवती तार गुंडाळून आवळू नका. खोड जाड होत गेलं की तीच तार सालीत रुतते आणि झाडाचा गळा आवळते. ढोलीत सिमेंट भरण्याची पद्धतही आता सोडून दिलेली आहे. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि दोघांच्या मधे पाणी साठतं.

झुकण्याची काळजी तुलनेने कमी आहे. "पहिल्यापासून" झुकलेलं झाड उजेडाकडे वाढलेलं असतं, त्याचं खोड वर जाऊन पुन्हा सरळ होऊ पाहतं, आणि त्या वजनाला साजेसं लाकूड व मुळं त्याने इतक्या वर्षांत बांधलेली असतात. नव्याने झुकलेलं झाड वेगळं. झुकावाच्या विरुद्ध बाजूची माती फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली, मुळं उचललेली दिसली, तर झाड ज्या बाजूला झुकलं आहे तिकडे कोणालाही जाऊ देऊ नका आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा.

बुंध्याभोवती एक फेरी मारा. मुळांपाशी छत्रीसारखी किंवा लाकडासारखी कडक बुरशी आली आहे का? सालीला भोकं आणि त्यातून भुसा पडतोय का? लाकडी हातोडीने ठोकून बघा, पोकळ आवाज कुठे येतो? नुसती ढोली दिसली म्हणून घाबरू नका. झाडाचा गाभा तसाही मृत लाकूड असतो, भार बाहेरचं कवच पेलतं. कवच सगळीकडून पुरेसं जाड आणि अखंड असेल तर पोकळ झाडंही अनेक वर्षं उभी राहतात. बुंध्यालगतची बुरशी मात्र गंभीर आहे, कारण ती मुळांच्या कुजण्याची बाहेर दिसणारी खूण असते.

मिस्टरांना हे दाखवा. त्यांची काळजी चुकीची नाही. बेचक्यात उघडी चीर असेल, बुंधा कुजलेला असेल किंवा झाड नव्याने झुकत असेल, तर खाली मुलं खेळत असताना ते ठेवू नये, असंच मी म्हणेन. यातलं काही नसेल तर ४५ वर्षांचा आंबा म्हातारा नव्हे. तो नीट सांभाळला तर तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल.

टिकण्यासाठी त्याला खाली श्वास घेता आला पाहिजे. मोठ्या झाडाची मुळं जितकं झाड वर तितकी खाली जात असतील, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर आडवी पसरलेली असतात. पाणी-अन्न शोषणारी बारीक मुळं तर अगदी वरच्या थरात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. काँक्रीट करताना आधी माती सहा इंच खोदतात, त्यात ती मुळं जातात. मग जमीन चोपून घट्ट करतात, त्यात मातीतली हवा जाते. वर काँक्रीट आलं की पाणीही जातं. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, पानं लहान होतात, आणि तोवर सगळे काँक्रीट विसरलेले असतात. मग औषधं फवारली जातात. जाड मुळं तुटली असतील तर वादळात झाड मुळासकट उलटतं, आणि तुमचं तर घराकडेच झुकलेलं आहे.

बांधकामाच्या वेळी झाड जपण्याचा एक रूढ हिशोब आहे: छातीएवढ्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याच्या बारा पट अंतरापर्यंत खोदकाम नको, भराव नको, जड सामान नको. खोड दोन फूट जाड असेल तर सगळीकडून २४ फूट. तुमच्या अंगणात एवढी जागा नसेलही, पण जितकी सोडता येईल तितकी सोडा.

मुलांसाठी त्याहून चांगली जागा होईल. छाटलेल्या फांद्यांचे यंत्राने तुकडे करून घ्या आणि तो चुरा झाडाखाली तीन-चार इंच जाडीने पसरा. पडलं तर फारसं लागत नाही, चिखल होत नाही, आणि माती भुसभुशीत राहते. बुंध्याला मात्र तो टेकवू नका, हातभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल ओलीने कुजते. बुंधा जमिनीत शिरताना जिथे पसरट होतो तो भाग नेहमी उघडा दिसला पाहिजे. चालायला वाट हवीच असेल तर न खोदता, खडीवर सुट्या फरशा टाका, सांधे सिमेंटने भरू नका.

काम कोणाला द्यायचं? त्याला विचारा की काप कुठे घेणार. उत्तरात फुगवट्याचा किंवा बेचक्याच्या वळीचा उल्लेख आला तर पुढे बोला. "अर्ध्यावर" किंवा "सरळ करू" आलं तर आभार मानून निरोप द्या. जिवंत झाडावर छाटणीसाठी खिळ्यांचे बूट घालून चढणारा नको, प्रत्येक पावलाला एक जखम होते. कोणत्या फांद्या काढणार ते आधी दाखवून कागदावर लिहून घ्या, आणि त्याच्या माणसांचा अपघाती विमा आहे का तेही विचारा. विजेच्या तारांच्या दहा फुटांच्या आत फांदी असेल तर ते काम वीज कंपनीला कळवून, तिच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. तुम्ही स्वतः जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या करवतीने बारीक वाळकं काढू शकता. शिडीवर चढून चेनसॉ चालवणं कोणीही करू नये. आंब्याचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा घाला. करवत लावण्याआधी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते का ते विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या आवारातल्या झाडालाही ती लागते, आणि दंड तोडणाऱ्याबरोबर मालकालाही होतो.

शेजाऱ्यांकडे तुम्ही स्वतःहून जा. त्यांना सांगा की आम्ही छाटणी करतोय, तुमच्याकडच्या दोन फांद्याही बघू. नाहीतर एखाद्या दिवशी त्या कुंपणाच्या रेषेवर सरळ कापल्या जातात. ती रेषा झाडाला ठाऊक नसते, आणि तिथे दोन कुजणारे खुंट उरतात. फांदी मागे आणायचा योग्य बिंदू बहुतेक वेळा तुमच्या बाजूला असेल, म्हणून काप तुमच्या आवारातून घेतला जाणं दोघांच्याही सोयीचं आहे. पाला त्यानंतरही पडेल, हे त्यांना आधीच सांगा. पानझडीच्या महिन्यात आठवड्यातून एकदा त्यांच्याकडचा पाला तुमच्या घरचं कोणी गोळा करून आणेल असं ठरवा, आणि तो जाळू नका, आंब्याखाली चुऱ्यावर पसरा.